कडुलिंबाखालचं मतदान

निवडणूक म्हटली की किस्से आलेच. पण ह्या वेळी आमच्या कळंबच्या पक्ष कार्यालयात ते इतके साठलेत, की चहा गार होतो अन् गोष्ट संपत नाही. कारण पक्षाचा तालुकाध्यक्ष पहिल्यांदाच मोबाइलच्या ॲपवर निवडायचा होता! आजवर आमचे जुने पुढारी अण्णा एक नाव घ्यायचे, आम्ही हात वर करायचो, झाली निवडणूक. अण्णांच्या शब्दाबाहेर कोण जाणार?

ह्या वेळी उमेदवार दोन. अण्णांचा मुलगा विक्रम, आणि जन्मभर सभांच्या सतरंज्या उचलणारा आमचा संजय. आम्ही सगळे तोंडानं विक्रमचे, मनातून संजयचे. ॲप मनातलं ओळखेल का, एवढीच धाकधूक होती.

*

पहिलं मत द्यायला मीच कार्यालयात बसलो. ॲप म्हणालं, चेहरा दाखवा. दाखवला. तर लाल अक्षरं आली, 'एकापेक्षा जास्त चेहरे दिसत आहेत.'

मागं बघतो तर भिंतभर नेत्यांचे फोटो!

मग सगळे मागच्या कडुलिंबाखाली गेलो. तिथं विक्रमचा माणूस खांद्यावरून डोकावला, की मतदान बंद! मी तर बघतच राहिलो.

संजय म्हणाला, "आयला, ह्या ॲपला कुणाचीच भीड न्हाय!"

*

आमच्या सुभाषची बायको, शोभावहिनी, पक्षाची जुनी सदस्य. ती फोन घेऊन खोलीत गेली आणि आतून कडी लावली.

सुभाष दार बडवतोय, "अगं, उघड की! बटण कुठलं दाबायचं ते सांगतो."

आतून आवाज आला, "एकच चेहरा चालतोय म्हणं. जरा दम धरा!"

बाहेर आली तेव्हा वहिनी काय खुलली होती! एवढ्या वर्षांत तिला असं कधी पाहिलंच नव्हतं.

*

आमचा कार्यकर्ता बबन ऊसतोडीला कर्नाटकात होता. त्याचा फोन आला, "दादा, म्या मत दिलं! हितं, फडात हुबं राहून!"

मला खरंच भरून आलं. आजवर बबन गावात नसला, तरी त्याचा हात वर मोजलेला असायचा.

*

निकाल लागला. अध्यक्ष संजय!

विक्रम तणतणत अण्णांपुढं आला, "सगळे फितूर झाले! अण्णा, तुमचं तरी मत मला पडलं का?"

अण्णांनी सावकाश चष्मा पुसला.

"मतदान गुप्त असतंय, बाळा."