रेडियमच्या सुया

"कॅन्सर आहे," हैदराबादच्या डॉक्टरीणबाई इंग्रजीत म्हणाल्या. शेजारी बसलेल्या यजमानांचे शिक्षण उर्दूतले, कचेरीपुरते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना सांगेपर्यंत तो शब्द माझ्या एकटीचा होता.

मुलांनो, ही निजामाच्या राज्यातली, चाळीस सालानंतरची गोष्ट. छातीत हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली तेव्हा मी धाराशिवला सासरी होते. तुमची आई नुकती बोलायला लागली होती. गाठ दुखेना, म्हणून मी गप्प राहिले. न दुखणारी गाठच आधी दाखवावी, हे तुम्ही विसरू नका.

पुढे गाठ वाढली आणि गावच्या डॉक्टरांनी हैदराबादला जाऊन बायॉप्सी करायला सांगितली. ती, म्हणजे गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे, सासूबाईंना पटेना.

"गाठीला लोखंड लावू नगं, पसरंल. डागून घे."

"डागायचं तेही लोखंडच की, आई."

"लई शिकलीस! ते तापलेलं असतंय."

यजमान हसले आणि हैदराबादला जायच्या तयारीला लागले.

तुकड्याचा निकाल वर सांगितलाच. उपचार नवा होता: रेडियम. या धातूतून न दिसणारे किरण निघतात आणि गाठ जाळतात. त्याच्या बारीक सुया माझ्या छातीत टोचून ठेवल्या. किरण दुसऱ्यांना बाधू नयेत म्हणून त्या काढेपर्यंत खोलीत मी एकटी. नर्स ताट ठेवून लगबगीने परते. "घबराओ नक्को, अम्मा," हेही दारातूनच. यजमान खिडकीबाहेरून हात हलवीत. दुखणे सोसले, पण अंगाला कुणाचा हात लागत नाही, हे सोसेना.

घरी परतले. तुमची आई धावत आली, तोच सासूबाईंनी तिला मधेच उचलले.

"हिच्या अंगात ती आग हाय अजून."

सुया काढल्यावर आत काही उरत नाही, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले होते. मी परोपरीने सांगितले. कुणी ऐकेना. लेक ओसरीवरून मला बघे, मी आतून तिला.

एके दिवशी सकाळीच सासूबाई तिला शेजारी ठेवून आल्या आणि माझ्या पाठीला पाठ लावून बसल्या.

"हे काय, आई?"

"गप बस. चटका बसायचाच तर म्हातारीला बसू दे आधी."

उन्हं उतरेपर्यंत तशाच बसून राहिल्या. मग उठल्या आणि लेक आणून माझ्या मांडीवर ठेवली.

तपासणी आणि सुया नसत्या तर मी वाचले नसते. ते उपकार मोठेच. पण तुमच्या घरी कुणी आजारी पडले, तर औषध देऊन दारातून परतू नका. जरा टेकून बसा.