उकंडराव पहिलवानाचा निवाडा

उकंडराव पहिलवान कधी चीत झाला नाही, म्हणून त्र्याहत्तर साली गावाने त्याला सरपंच केला. रिसोडजवळच्या त्या गावात मी तेव्हा मास्तर होतो. अंगाला माती लागली की हा माणूस उजळायचा; खुर्चीवर बसला की विझायचा. फुटलेला कान खाजवत तो तक्रारी ऐकायचा, आणि दोन्ही बाजू त्याला खऱ्या वाटायच्या. मग उठून दोघांचे हात वर धरायचा आणि म्हणायचा, "बरोबरी!" आखाड्यात निकाली न होणारी कुस्ती अशीच सोडतात. भांडण शेताच्या धुऱ्याचं असो की कोंबडीचं, निकाल तोच. लोक हसत घरी जायचे, भांडण तिथंच राहायचं.

घरातही तसंच. बायको प्रयागबाई; तिच्या बापाने जत्रेत त्याची कुस्ती पाहिली आणि फेटा बांधता बांधता पोरगी देऊन टाकली. तिला कोणी विचारलं नाही. खरं तर त्यालाही नाही. मूलबाळ झालं नाही. तो मारत नव्हता, शिव्या देत नव्हता. एकदा मी तिथं जेवलो, तेव्हा भाकरी मोडल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटला.

एके दिवशी पंचायत भरली असताना प्रयागबाई चावडीवर येऊन उभी राहिली.

"सरपंच हाय ना तुमी? मंग आइका. मले मोकळं करा. जऊळक्याचा भाऊ ठेवतो म्हनते, पन नवऱ्यानं चारचौघांत सोडलं तरच."

"काय कमी हाय वं तुले?" म्हातारी धुरपताबाई कडाडली. "वाघासारखा नवरा!"

"वाघ तुमीच न्या घरी, माय. मले बोलनारा मानूस पायजे होता."

हशा पिकला. दुकानदार मदनसिंग मागून ओरडला, "करा बरोबरी, पहिलवान! अर्धी बाई इथं, अर्धी जऊळक्याले!"

उकंडराव उठला. आता दोन हात वर जाणार, हे साऱ्यांना ठाऊक होतं. त्याने तिचं मनगट धरलं, वर केलं. स्वतःचा दुसरा हात खालीच राहू दिला.

"हे जिंकली," तो म्हणाला. "मी चीत."

कोणी हसलं नाही. मदनसिंगही नाही.

दुसऱ्या दिवशी तिची ट्रंक डोक्यावर घेऊन तो एसटीपर्यंत चालत गेला. ज्या डोक्यावर जत्रेजत्रेचे फेटे चढले, त्यावर ती हिरवी ट्रंक. परत आल्या आल्या त्याने सरपंचकी सोडली. संध्याकाळी आखाड्यात फावडं घेऊन माती खणत होता.

पुढे माझी बदली जऊळक्याला झाली. प्रयागबाईने स्टेशनाजवळ खानावळ घातली होती. मी तिथंच जेवायचो. तिथं बोलणं थांबत नसे. सगळ्यात जास्त तीच बोलायची. दिवाळीला मी जुन्या गावी निघालो, तेव्हा तिने तेलाचा डबा हाती दिला.

"आखाड्यात टाका म्हना. मातीले तेल लागते. अन् सांगा, उपकार हाय त्याहीचे."

मी तो निरोप शब्दाला शब्द सांगितला. उकंडरावने डबा मातीत ओतला, पायाने कालवला.

"बरी हाय?"

"बरी आहे. फार बोलते."

तो खाली बघून हसला.

"उपकार तिचेच, मास्तर. येवढ्या वर्साची कुस्ती, एकदाची निकाली झाली."