काकूंच्या दगडावरची ओळ

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांइतका अडीच हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांशी घरोबा असलेला माणूस अख्ख्या मिशिगनमध्ये दुसरा सापडणार नाही. हे इतकं ठामपणे लिहिताना मला जरा बिचकायला होतं. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, आणि ठाम विधान केलं की प्रोफेसर समासात 'कशावरून?' असं लिहितात, हे आता मला कळलंय. पण तो प्रश्न मला प्रोफेसरांच्या आधी काकांनीच विचारला होता. आम्ही मिशिगनमधल्या ट्रॉय गावातल्या या अपार्टमेंटमध्ये राहायला आलो तेव्हा मी शाळेत होते. बाबा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागले होते, आईने इंडियन ग्रोसरीत काम धरलं होतं, आणि आमचं कुणीही ओळखीचं नव्हतं. खोकी उघडत होतो तेवढ्यात जिन्यातून खणखणीत मराठी हाक आली, "वर कोण आलंय? जेवायला या!" त्या काकू. खाली गेलो तर दाराच्या चौकटीला तिरकी लावलेली, धर्मवचनाची एक बारीकशी डबी, घरात नारळाच्या दुधातली माशांची आमटी आणि अलिबागकडचं बोलणं. आई गोंधळून म्हणाली, "तुम्ही ख्रिश्चन का?" काकू हसल्या. "नाही हो वहिनी, आम्ही बेने इस्राएल. कोकणातले ज्यू." एवढं उत्तर पुरेसं होतं, पण काका घास तसाच ठेवून पुस्तक आणायला उठले होते.

काका निवृत्त इंजिनिअर. जेरुसलेमशी ज्यूंचं नातं सांगणारं जुनं लिखाण जिथे म्हणून सापडलं, मग ते दगडावर असो, पपायरसवर असो की फुटक्या खापरावर, ते त्यांना तोंडपाठ होतं, आणि ते आपल्या चुलतभावाच्या पत्राबद्दल बोलावं तसं त्याबद्दल बोलत. जेरुसलेमजवळच्या एका थडग्यात विडीएवढ्या दोन चांदीच्या गुंडाळ्या सापडल्या आणि त्यांवर आशीर्वाद कोरलेला होता, हे मला काकांच्या गणिताच्या शिकवणीत मध्येच कळलं. इजिप्तमध्ये नाईल नदीतल्या एका बेटावर राहणाऱ्या ज्यूंनी आपलं देऊळ पाडलं गेल्यावर थेट जेरुसलेमच्या मुख्य याजकाला पत्र लिहिलं, आणि तिकडून उत्तरच आलं नाही, याचा काकांना मनापासून राग होता. कॅलिफोर्नियातल्या मुलीने दोन दिवस मेसेजला उत्तर दिलं नाही की ते फोनकडे बघून म्हणत, "बघ, तेव्हापासून हेच चाललंय." जेरुसलेमच्या मंदिरात परक्यांना मज्जाव करणारी एक ग्रीक पाटी होती. आत याल तर तुमच्या मरणाला तुम्हीच जबाबदार, असा तिचा सूर. ती काकांना इतकी आवडायची की कुणीतरी मशीनमधून त्यांचे ओले कपडे बाहेर काढून ठेवल्यावर त्यांनी लाँड्री रूममध्ये त्याच धर्तीवर इंग्रजी नोटीस लावली. बिल्डिंगची मॅनेजर घाबरून धावत आली. काकांनी तिला शांतपणे मूळ पाटीचा फोटो दाखवला. काकूंनी तिला केळ्याचा हलवा दिला, म्हणून प्रकरण मिटलं.

एकदा मी भीत भीत त्यांना सांगितलं की वर्गातली एक मुलगी म्हणाली, जेरुसलेममध्ये इतर लोकांचेही कोरीव दगड आहेत. मला वाटलं काका चिडतील. ते म्हणाले, "असणारच. त्यांचेही वाच. त्यांचं खोडलं म्हणून आपलं जास्त ठळक होत नाही."

सगळ्यांत लाडका त्यांचा एक शिलालेख होता, जेरुसलेमखालच्या पाण्याच्या बोगद्यातला. दोन बाजूंनी खडक फोडत येणारे कामगार शेवटी इतके जवळ आले की त्यांना खडकापलीकडून एकमेकांच्या हाका ऐकू आल्या, असं त्यात कोरलंय. "राजाचं नावसुद्धा नाही," काका म्हणायचे. "नुसती कुदळवाली माणसं. केवढी मोठी गोष्ट!"

एवढं असून काका जेरुसलेमला कधी गेले नव्हते. काकूंना फार जायचं होतं. काका म्हणत, "आधी मला ती जुनी लिपी नीट वाचता येऊ दे. तिथे जाऊन काय लेबलं वाचायची?"

"मला लेबलंही चालतील," काकू म्हणत.

लिपी पक्की होईपर्यंत काकूंचे गुडघे गेले, आणि मग पोटाचं दुखणं निघालं. त्या वर्षी इथल्या एका म्युझियममध्ये तिकडच्या वस्तूंचं प्रदर्शन आलं, तेव्हा आम्ही तिघं गेलो. बोगद्यातल्या लेखाची तिथे प्लास्टरची नक्कल होती. काका आधी "प्लास्टर!" म्हणून करवादले आणि मग अर्धा तास तिच्यासमोर हात जोडल्यासारखे उभे राहिले. काकू व्हीलचेअरमध्ये बसून बघत होत्या. मग सहज म्हणाल्या, "आणि अहो, आपल्या माणसांचं नाव यात कुठे आहे?"

काका वळून काकूंच्या खुर्चीशी आले. बेने इस्राएलांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागकडच्या नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलं, माणसं वाचली आणि पोथ्या बुडाल्या, अशी त्यांच्यातली कथा आहे. पुढे ते तेलाचे घाणे चालवायला लागले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायला लागले. "तेल्यांनी दगड कशाला कोरले असते?" काका म्हणाले. "आपलं लिहिलेलं काही नाही."

"मग तुम्ही इतकी वर्षं कुणाचे कागद गोळा करताय?" काकूंनी चेष्टेनेच विचारलं.

त्या हिवाळ्यात काकू गेल्या. वर्षाच्या आत कबरीवर दगड बसवायचा अशी त्यांच्यात रीत आहे. काकांना त्यावर मराठी हवं होतं, अलिबागकडे त्यांच्या कबरींवर असतं तसं. दफनभूमीच्या ऑफिसातली बाई म्हणाली, चालेल, फक्त अर्थ काय ते आम्हाला सांगा. अडलं होतं ते काकांचं. पहिला मसुदा त्यांनी माझ्याकडून टाइप करून घेतला, तो दावीद राजापासून सुरू होत होता आणि काकूंपर्यंत पोचायच्या आत पान संपत होतं. दुसऱ्यात नवगावचं गलबत होतं. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, इट्स अ हेडस्टोन, थीसिस नाहीये यार! बिलव्हेड वाइफ अँड मदर लिहा ना, सिंपल."

"ते सगळ्यांच्याच दगडावर असतं," काका म्हणाले. "मग ही कोण होती ते कळणार कसं?"

उन्हाळा गेला. झाडं लाल झाली, बोडकी झाली. काकांनी दाढी करणं सोडलं. मी जायचे तेव्हा ते कोऱ्या कागदासमोर बसलेले असत. एकदा मला म्हणाले, "अगं, इतक्या लोकांच्या मागे एकच ओळ उरली. तेवढ्यावरून आपण म्हणतो, अमका असा होता. तिची मी चुकीची ओळ लिहिली तर ती कायमची तशीच होईल. आणि काही लिहिलंच नाही, तर ती नव्हतीच." मी पाणी आणून दिलं.

त्या दिवशी आईही वरणभाताचा डबा घेऊन आली होती. तिने पुस्तकं बाजूला सारून टेबलावर जागा केली आणि म्हणाली, "भाऊजी, रागावू नका. मला यातलं काही कळत नाही. पण या देशात मला पहिली हाक वहिनींनी मारली. जेवायला या म्हणून. तेच लिहा ना."

काकांनी डबा उघडला नाही. मग कागद माझ्याकडे सरकवला. "तू लिही."

दगड घडवणाऱ्याने मराठी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मी अक्षरं मोठी काढून दिली. वरची आडवी रेघही कोरायची का, असं त्याने फोन करून विचारलं. काकांनी फोन हिसकावून घेतला. "ती काढलीत तर सगळी अक्षरं खाली पडतील!" कित्येक महिन्यांनी मी त्यांना कुणावर तरी ओरडताना ऐकलं.

दगडावरचं कापड काढलं तेव्हा आम्ही मोजकीच माणसं होतो. बाकीच्यांच्या हातात त्यांच्या रीतीप्रमाणे कबरीवर ठेवायला खडे होते, आईने मात्र दुकानातून शेवंती आणली होती आणि ती संकोचून मागे उभी होती. काकांनी तिला पुढे बोलावून फुलं ठेवायला लावली. मग ते वाकले आणि नेहमीसारखं अक्षरांवरून बोट फिरवत मोठ्याने वाचायला लागले. आधी वरचं हिब्रू वाचलं. पहिल्या मराठी ओळीत काकूंचं नाव होतं, दुसरीत त्यांच्या माहेरच्या गावाचं. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं. मुलीने त्यांचा दंड धरला. तिला मराठी वाचता येत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी वाचलं: "हिने हाक मारली की माणसं जेवायला येत." त्यांच्या धर्मगुरूंनी हळूच अर्थ विचारला. मी इंग्रजीत सांगितला, पण माझ्या इंग्रजीत तो फारच किरकोळ वाटला. ते आधी हसले, आणि मग त्यांनी काकांचा हात हातात घेतला.

आता काका कुणी विचारल्याशिवाय काही सांगत नाहीत. मी इतिहास घेतलाय, काही अडलं की विचारते, आणि ते सांगतातही, पण पूर्वीसारखे उठून पुस्तक आणायला जात नाहीत. रविवारी मी त्यांना दफनभूमीत घेऊन जाते. या हिवाळ्यात बर्फ फार पडलंय. गाडीच्या काचा झाडायचा ब्रश घेऊन ते दगडाशी जातात, वरून खाली एकेक ओळ मोकळी करतात, आणि अक्षरांच्या खाचांत अडकलेलं बर्फ हातमोजा काढून नखाने काढतात. मी म्हणते, काका, हात गारठतील. ते ऐकत नाहीत. सगळं साफ होईपर्यंत वरून नवं बर्फ भुरभुरायला लागलेलं असतं. "चल," काका म्हणतात, "रस्ते निसरडे होतील." आणि जागचे हलत नाहीत.