मावशीची पाटी

मावशीच्या दुकानात उभं राहायची सोय नव्हती. सगळं गाव तिला मावशीच म्हणायचं. मानोरा गावातलं तिचं झेरॉक्सचं आणि वह्या-पेनांचं दुकान; काउंटर जेमतेम गुडघ्याएवढा, समोर चार स्टूल. कितीही मोठा साहेब आला तरी ती म्हणायची, "बसा. मले वर पाहून धंदा करता येत नाही."

लहानपणी पोलिओनं तिचे पाय गेले होते. चाकं लावलेल्या पाटावर बसून ती दुकानभर फिरायची. सुतारानं काउंटर आधी नेहमीच्या उंचीचा केला होता म्हणे. तिनं त्यालाच पाटावर बसवलं आणि गिऱ्हाइकाला वही द्यायला सांगितलं. हात पोचेना. त्यानं तिथंच करवत काढली.

काउंटरवर एक पाटी असे, ऐकू-बोलता न येणाऱ्यांसाठी. जवळच्या इंझोरी गावचा एक बहिरा शिंपी दर आठवड्याला येऊन पाटीवर लिहायचा, मावशी खाली उत्तर लिहायची.

बाबांच्या बदलीमुळे आम्ही तिथं आलो तेव्हा मी अकरावीत होते. आधीची शाळा इंग्रजी माध्यमाची. माझ्या मराठीला नवा वर्ग हसला होता. दुकानात पहिल्यांदा गेले तेव्हा तोंड उघडवेना. मी पाटी ओढली आणि लिहिलं, 'दोनशे पानी वही.' खाली उत्तर आलं, 'रेघांची का कोरी?' इतकं सोपं. मग वर्षभर मी तिथं मुकी-बहिरीच राहिले. एकदा एक बाई मला 'बिचारी' म्हणाली, तर मावशी तिच्यावर उखडली, "बिचारी कायची? अक्षर पाह्य तिचं." मला जमिनीत शिरावंसं वाटलं. खरं सांगायचं मात्र राहूनच गेलं.

एके दुपारी कागदाचे गठ्ठे घेऊन टेम्पो आला. मावशी दारातल्या उतारावरून खाली गेली आणि पाटाचं चाक नालीच्या जाळीत अडकलं. टेम्पो मागे येऊ लागला. एवढी खाली बसलेली बाई ड्रायव्हरला दिसणं शक्यच नव्हतं. मी किंचाळले, "थांबवा!"

टेम्पो हातभर अंतरावर थांबला. माणसं टेम्पो सोडून माझ्याकडेच बघत राहिली. चाक सोडवून मावशी वर आली, पाटी घेतली आणि लिहिलं, 'आवाज चांगला हाय.'

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"पयल्याच दिवशी. मांगून सायकलची घंटी वाजली अन् तू बाजूले सरकली." मग पाटी पुसत म्हणाली, "तू नाही बोलली, तं मी कायले बोलू?"

रागावली असती तर मी सावरले असते. मानोरा सोडून आता तीन वर्षं झाली, तरी तो धक्का ओसरलेला नाही.

पुढच्या खेपेला सवयीनं माझा हात पाटीकडे गेला. शेजारच्या स्टुलावर शिंपी खडू घेऊन बसला होता. वर्षभरात कितीदा तो असा माझं लिहून व्हायची वाट बघत बसला असेल, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. मावशीनं पाटी त्याच्यापुढे सरकवली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी वही मागितली. वाक्य चुकलंच असणार.

मावशी हसली नाही. "रेघांची का कोरी?" तिनं विचारलं.