वरचे निखारे

नानखटाईला निखारे दोन ठिकाणी लागतात, खाली आणि वर. खालचे कुणीही सांभाळेल. वरच्यांना मात्र दुसरा माणूस हवा, आणि आमच्या घरात हे काम माझ्या यजमानांकडे होतं.

बडोद्यात दांडिया बाजारच्या एका वाडीत आमचं बिऱ्हाड होतं. हे कोठी कचेरीत कारकून. महाराजांची स्वारी बहुधा विलायतेला असे, त्यामुळे दिवाळीच्या सुमारास हे दिवसाउजेडी घरी यायचे, कोट खुंटीला अडकवायचे आणि बाह्या सारून चुलीपुढे बसायचे. आम्हांला मूलबाळ नव्हतं. करंज्या, चकल्या वाडीत सगळ्यांच्याच घरी व्हायच्या, पण नानखटाई फक्त आमच्याकडे. त्याचा मला गर्व होता आणि तो मी लपवत नसे.

तूप सावली गावाकडच्या एका भरवाडणीकडून, म्हणजे तिकडच्या गवळणीकडून, घ्यायचं. परातीत ते तळहातानं फेसायचं, अगदी पांढरं होईस्तोवर, खांदा भरून येईस्तोवर. मग साखर, मैदा, थोडा रवा, जायफळ. जाड पातेल्यात वाळू तापवायची, वाळूवर नानखटाईची थाळी ठेवायची, पातेल्यावर लोखंडी झाकण आणि झाकणावर निखारे. आतली थाळी बदलायची झाली की निखाऱ्यांसकट झाकण उचलावं लागे. जरा कललं की राख थेट नानखटाईवर. हे दोन्ही हातांत दोन चिमटे घेऊन, देव्हाऱ्यातली मूर्ती उचलावी तसं ते झाकण सरळ वर उचलायचे आणि तोवर श्वास सोडायचे नाहीत. एरवी या माणसाला नाकावरचा चष्मा सापडत नसे. त्या वेळी मी बोललेलंही त्यांना खपायचं नाही. मी थाळी काढायची, दुसरी सरकवायची आणि "हं" म्हणायचं, की झाकण खाली. इतक्या दिवाळ्या गेल्या, राख एकदाही पडली नाही.

मग ताटं भरून वाडीभर जायची. आमच्याकडे आलेलं ताट रिकामं परत पाठवायचं नाही हा सगळ्यांचाच रिवाज. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. समोरच्या घरात माझ्याच वयाची एक बाई होती. तिच्या सासरचे कुणी एके काळी संस्थानच्या घोडदळात होते. त्यांची तलवार अजून भिंतीवर टांगलेली होती, आणि हिचा आवाजही घोडदळाला साजेसाच होता. मी तिला मनातल्या मनात शिलेदारीण म्हणायची. दरवर्षी ती माझ्या नानखटाईला नावं ठेवायची. जायफळ जास्त, साखर कमी, आकार म्हणजे शेणाच्या गोवऱ्या. मीही तिच्या चकल्यांना सोडत नसे. दोघी दारात उभ्या राहून तोंडसुख घ्यायचो, आणि हे आतून म्हणायचे, "झाली दिवाळी सुरू."

हे श्रावणात गेले. चार दिवसांचा ताप, बस.

त्या वर्षी घरात कढई चढवायची नव्हती, नानखटाईचा तर प्रश्नच नव्हता. दुखवट्याच्या घरी इतरांनी फराळ पाठवायचा, त्या घरानं काही द्यायचं नाही. वाडीतल्या बायका आल्या. ताट माझ्या हाती देऊन थांबल्या नाहीत. आपणच आत आल्या, माझ्या डब्यात फराळ ओतला आणि रिकामं ताट पदराआड धरून निघून गेल्या. मला परतीची पंचाईत नको म्हणून. त्यात वाईट काही नव्हतं, हे तेव्हाही कळत होतं. पण रिकामी ताटं माझ्या उंबऱ्यावरून एकामागून एक जाताना मी मोजत राहिले.

सगळ्यांत शेवटी शिलेदारीण आली. तिनं चकल्या काढून ठेवल्या आणि खालच्या आवाजात म्हणाली, "थोडं खाऊन घे गं. तब्येतीला जप." तिच्या तोंडून इतकं गोड बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. आपण विधवा झालो, हे मला त्या दिवशी खरं कळलं.

वर्ष तसंच गेलं. माझ्यापुढे यांचं नाव कुणी काढत नसे. मी काढलं तर बायका घाईघाईनं भाजीचा भाव सांगायला लागायच्या. खंडेराव मार्केटात सीताफळं आली, असं मला एकाच दिवसात चौघींनी सांगितलं. दीर इंदूरला होते, ते म्हणाले, इकडे या. मी गेले नाही. रागावण्यासारखं कुणी काही करत नव्हतं, आणि मला तर रागवायचं होतं. एवढी एकटी मी लग्न होऊन परक्या मुलखात आले तेव्हाही नव्हते.

वर्षश्राद्ध झालं. आता आमचं घर पुन्हा वाडीतल्या घरांसारखं होईल, असं मी धरून चालले होते. पण धनत्रयोदशीला बायका आल्या आणि पुन्हा तेच. डब्यात फराळ ओतला, ताट पदराआड. मी म्हटलं, "थांबा, यंदा मी नानखटाई करणार आहे." त्यावर एकजण म्हणाली, "कशाला वहिनी? एकट्या कुठे खटाटोप करता! आम्ही आहोत ना." ती मनापासून म्हणाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझं घर आता कायमचं घेणाऱ्यांचं ठरलं होतं, देणाऱ्यांत त्याची गणती उरली नव्हती. हे मला मान्य नव्हतं.

त्याच दुपारी तूप फेसायला घेतलं. फेसणं जमलं. पण झाकणाशी आले आणि हात अडला. एका हातात चिमटा धरून निखाऱ्यांनी भरलेलं झाकण उचलायचं आणि दुसऱ्या हातानं थाळी सरकवायची, हे एकटीनं होण्यातलं नव्हतं. राख पडेल या धाकानं मी वर थोडेच निखारे ठेवले. थाळी निघाली तेव्हा नानखटाई खालून लालबुंद आणि वरून पांढरीफटक. एक मोडून पाहिली, तर आत कच्चं पीठ.

टाकून द्यायला हवी होती. पण मला वेगळंच सुचलं. म्हटलं, वाटू या हीच. बघू कोण नावं ठेवतं ते. एकीनं जरी "कच्ची आहे हो" म्हटलं, तरी मला दिवाळी पावली.

मी स्वतः घरोघर ताटं दिली. विधवेच्या हातचं सणाला नको म्हणतील, अशीही एक धास्ती होती, पण तसं कुणी केलं नाही. सगळ्यांनी घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ताटं परत येऊ लागली, प्रत्येकात चिमूटभर साखर आणि सोबत कौतुक. "काय सुरेख झालीय!" "हाताची चव तीच हो." शेजारची गुजराती बेन तर म्हणाली, "केटली पोची थई छे, बेन!" नानखटाई मऊ झाली म्हणून कौतुक. आत पीठ राहिलं तर मऊ होणारच. मी प्रत्येकीला हसून "बसा ना" म्हणायची आणि दार लागलं की भिंतीला टेकून उभी राहायची. इतकी सगळी गोड माणसं, आणि माझ्याशी बोलणारं त्यांत एकही नव्हतं.

पाडव्याला घरोघर नवऱ्यांची ओवाळणी चालू होती. त्या दिवशी मी दार उघडलंच नाही.

भाऊबीजेला दुपारी शिलेदारीण ताट घेऊन आली. ही तरी, असं मनात आलं. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिनं ताट ठेवलं, नजर दुसरीकडे वळवली आणि म्हणाली, "छान झाली होती."

माझा तोल गेला. मी फराळाचा डबा ओढला, तिनं धनत्रयोदशीला दिलेली चकली काढली आणि तिच्यापुढे धरली. "आणि ही? दगड आहे दगड! मोहन घालायला विसरलीस की तूप वाचवलंस? वर्षभर मी गप्प बसून गिळतेय!"

मग तिच्या कपाळावर ती जुनी आठी हळूहळू उमटली.

"मी तूप वाचवलं?" ती ओरडली. "आणि तुझी नानखटाई? आत सगळं पीठ! गायीपुढे टाकली मी, तर गायीनं वास घेऊन तोंड फिरवलं!"

मला हसू फुटलं. पदर तोंडाशी धरला तरी आवरेना. आणि हसता हसता कधी रडू लागले ते मलाच कळलं नाही. तिनं मला थोपटलं नाही, पाणी दिलं नाही. कमरेवर हात ठेवून तशीच उभी राहिली. माझं ओसरल्यावर म्हणाली, "खालून करपलेली, वरून पांढरी. वरचे निखारे कुणी सांभाळले?"

"कुणी नाही," मी म्हटलं.

खरं म्हणजे सगळ्या वाडीला ते ठाऊक होतं. पण मोठ्यानं ते आज पहिल्यांदा बोललं गेलं होतं.

तिनं पदर खोचला आणि चुलीकडे पाहिलं. "तूप उरलंय?"

उरलं होतं. मी फेसलं, तिनं निखारे केले. "भावाला ओवाळून झालंय," ती म्हणाली, "घरातले बसतील वाट बघत." पहिली थाळी बदलायची वेळ आली तेव्हा तिनं दोन्ही चिमटे घेतले आणि दात आवळून झाकण उचललं. ते कललं. राखेचा एक झोत चार नानखटायांवर बसला.

"यांच्या हातून कधी राख पडली नाही," माझ्या तोंडून गेलं. आता ही चिडणार, किंवा सीताफळांचा विषय काढणार, असं वाटलं.

तिनं झाकण जपून खाली ठेवलं. कपाळाचा घाम पुसला, पाट ओढून माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "कसं धरायचे ते? सांग नीट."