यास्मिनची मशीद

सिंगापुरात पासिर रिसला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारी नसरीन परकार मूळची रत्नागिरीची. नवरा बोटीवर इंजिनिअर, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. बाई उदार, कामसू, तोंडाची फटकळ. पण न्यू जर्सीतल्या धाकट्या बहिणीचं, यास्मिनचं, नाव निघालं की हिच्या पोटात दुखायला लागतं. मी तोंडावर सांगितलंय तिला. म्हणते, "दुखतं तर दुखतं."

यंदा रमजानभर त्यांची अम्मा यास्मिनकडे होती, म्हणजे आगीत तेलच. रोज फोनवर तिकडच्या मशिदीचं कौतुक. शेजारी सेनेगलची बाई, पलीकडे फक्त नमाजापुरतं डोकं झाकणारी बोस्नियाची मुलगी, हात सोडून नमाज पढणारी शिया डॉक्टरीण, पन्नाशीत मुसलमान झालेली काळी अमेरिकन आजी खदीजा, आणि त्या सगळ्यांत साडी नेसलेली अम्मा. कुणी कुणाला परकं नाही. इथे मलय बायका नसरीनशी गोडच वागतात, पण 'इंडियन मुस्लिम' म्हणून. आणि आमच्या मराठी मंडळात तिला ऐकावं लागतं, "अय्या, तुमचं मराठी किती छान!" असं म्हणणाऱ्या एकीला मी चांगलंच झापलं होतं.

नसरीनही हार मानणारी नव्हे. "आमच्याकडे ईदला सरकारी सुट्टी असते. माझ्या घरात तर पाय ठेवायला जागा नसते!" असं ती अम्माला दरवर्षी ठोकून द्यायची.

ईदच्या सकाळी मी गेले. दार सताड उघडं, टेबलावर खापरोळ्यांची चळत, पातेलंभर नारळाचा रस, आणि खाणारी मी एकटी. मलय कुटुंबं एका रंगाचे कपडे घालून आपापल्या नातेवाइकांकडे चालली होती. तेवढ्यात अम्माचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे अजून आदली रात्र. यास्मिनची मशीद चंद्राची वाट न बघता हिशेबाने ईद ठरवते, त्यांची त्या दिवशीच होऊन गेली. अम्माने मात्र त्या दिवशीही रोजा धरला होता. तिला चंद्र आत्ता दिसला, म्हणजे तिची ईद उद्या, आमच्याच तारखेला.

नसरीन फुलली. "माझ्यासाठी थांबलीस, अम्मा?"

"नाही गं, खदीजासाठी. तीही चंद्र बघूनच ईद करते. पोरं ख्रिस्ती, ईदला एकटीच असते बिचारी. उद्या तिच्याकडे खापरोळ्या करणार."

"तिच्यासाठी थांबतेस! माझ्यासाठी कधी थांबलीस?"

"तुझं घर भरलेलं असतं. तुला म्हातारी कशाला हवी?"

नसरीनचा चेहरा पडला. तिने फोन उचलला आणि सावकाश फिरवला: रिकाम्या खुर्च्या, उघडं दार, ताट घेऊन बसलेली मी.

"मी खोटं बोलत होते, अम्मा. माझ्याकडे कुणी येत नाही. ही अनघा तेवढी येते."

अम्मा फोनच्या आणखी जवळ आली. मग म्हणाली, "पुढची ईद तुझ्याकडे."

नसरीनने ओढणीने डोळे पुसले.

"यास्मिनला फोनवर बोलाव," ती म्हणाली. "आत्ता सांग तिला. माझ्यासमोर."