काकींनी वाचलेली शेवटची पानं

माझ्या घरमालकीणबाईंइतकं सराईत खोटं बोलणारं आणि तरीही इतकं सरळ माणूस मी जन्मात दुसरं पाहिलेलं नाही. महाराष्ट्र राज्य व्हायच्या दोनेक वर्षं आधी मी शहाद्याजवळच्या प्रकाशा गावच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो आणि त्यांच्या माडीवरच्या खोलीत बिऱ्हाड मांडलं. घर केळी लावणाऱ्या गुजर शेतकऱ्याचं. बाई नवऱ्याशी गुजरीत बोलत, बाजारात अहिराणीत आणि माझ्याशी, मी पडलो मास्तर म्हणून, शाळेतल्या मराठीत. राग आला की ही मराठी पार कोलमडे. मी त्यांना काकी म्हणे. पहिल्याच दिवशी, मी ट्रंक खाली ठेवायच्या आत त्यांनी विचारलं, "मास्तर, शहाद्याच्या वाचनालयातून पुस्तकं आणाल का? जाडी आणा. बारीक पुस्तकातली माणसं ओळखीची होतात तोवर पुस्तकच संपतं."

मी जाडी आणू लागलो. रोज दुपारी काकी ओट्यावर बसून कादंबरी मोठ्यांदा वाचत आणि गल्लीतल्या सात-आठ बाया शेंगा फोडत ऐकत. वाचण्यात काकी कुणाची भीड ठेवत नसत. सूर्यास्ताचं लांबलचक वर्णन आलं की "सूर्य बुडाला, पुढे चला" म्हणून पान उलटत. नायक फार वेळ उसासे टाकू लागला की त्याला "ऊठ, कामाला लाग" असं मध्येच सुनावत, आणि बायांना ते छापलेलंच वाटे. एकदा यात्रेत तंबूतला सिनेमा आला. काकी सगळ्यांना घेऊन गेल्या आणि ऐन रंगात उठून उभ्या राहिल्या. "वाजंत्री कण्हायला लागली. आता पुढे काही चांगलं व्हायचं नाही. चला!" आठही बाया शेंगांच्या पिशव्यांसकट बाहेर. मी मात्र शेवटपर्यंत बसलो. दुसऱ्या दिवशी ओट्यावर काकी उरलेला सिनेमा सांगत होत्या. त्यातली आजारी आई काढा पिऊन खडखडीत बरी झाली होती आणि सुनेला स्वयंपाकातल्या चुका दाखवत होती. मी सर्द झालो. तिला मी आदल्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी सरणावर पाहिलं होतं!

न पाहिलेल्या सिनेमाचं एक वेळ ठीक आहे, पण काकी पुस्तकांतही हेच करत असतील, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. एका कादंबरीने सगळी गल्ली वेडी झाली होती. शिकायला एकटी शहरात गेलेल्या मुलीची ती गोष्ट. काकींनी शेवट वाचला : मुलगी मास्तरीण होऊन गावी परतते. बायांनी टाळ्या पिटल्या. पुस्तक परत करायला मी शहाद्याच्या एसटीत बसलो, सहज शेवटचं पान उघडलं. छापील मुलगी बदनाम होऊन विहिरीत उडी टाकत होती. मी शहाद्याला उतरलो आणि वाचनालयाकडे न फिरकता, पुस्तकासकट त्याच गाडीने परत आलो.

"काकी, ही फसवणूक आहे! लेखकाने काय लिहिलंय आणि तुम्ही काय वाचता?"

काकींची मराठी कोसळली आणि त्या अहिराणीवर आल्या. "दोनशे पानं पोर कष्ट करस, आनि शेवटला तिले विहीरमा ढकली देस! हाई लिखनं शे का खून शे?"

मी पुस्तक घेऊन माडीवर निघून गेलो. पण खरा हादरा चार दिवसांनी बसला. ओट्यावर ऐकायला येणाऱ्यांत रतन नावाची एक मुलगी होती, नुकतीच सातवीची फायनल पास झालेली. तिने घरात जाहीर केलं की आपण धुळ्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जाणार. आई तिच्या बाजूने. वडील, दगाभाऊ, थेट माझ्या दारात आले. मागे अर्धी गल्ली, आणि पदर तोंडाशी धरलेल्या काकी.

"मास्तर, माले वाचता येत नही," दगाभाऊ म्हणाले. "शहादाना दुकानदार सांगस, पुस्तकमा पोर विहीरमा उडी टाकस. मन्ही बायको सांगस, पोर मास्तरीन व्हस. तुम्ही खोटं बोलाव नहीत. वाची दखाडा."

खोटं बोललं म्हणून मी वर्गात छड्या मारणारा माणूस. शेवटचं पान उघडलं. विहीर तिथेच होती. दाराच्या चौकटीला रतन टेकली होती, श्वास रोखून. आणि माझ्याच तोंडून मला ऐकू आलं : "ट्रेनिंग पुरं करून ती गावी परतली. तिच्या शाळेत चाळीस मुलं होती."

"परत वाचा," दगाभाऊ म्हणाले.

मी ओळीवर बोट ठेवलं. पुन्हा वाचलं. "ती गावी परतली. तिच्या शाळेत साठ मुलं होती."

दगाभाऊंनी मान वर केली. "पहिलांदा चाळीस व्हतात."

मी पुस्तक मिटलं. दगाभाऊंनी माझ्याकडे, मग काकींकडे, मग बराच वेळ लेकीकडे पाहिलं. टोपी काढली, झटकली, परत घातली.

"वाचता वाचता वीस पोरं वाढनात," ते म्हणाले. "चांगली शाळा शे. जाऊ द्या तिले."

पंधरा दिवसांनी रतन धुळ्याच्या गाडीत बसली. काकी तिला पोचवायला गेल्या, हसत हसत, चार बायांना हसवत. संध्याकाळी मी काकींनी ठेवून घेतलेलं पुस्तक मागायला परसात गेलो, तर काकी केळीच्या खुंटांपाशी एकट्याच बसलेल्या. मांडीवर तेच शेवटचं पान उघडं, आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय. मला पाहून त्यांनी लपवायचाही प्रयत्न केला नाही. शेवट बदलायचा तर तो आधी वाचावा लागतो, हे मला इतक्या दिवसांत सुचलंच नव्हतं. आमच्या गल्लीने न ऐकलेली सगळी मरणं या बाईने एकटीने वाचली होती.

"काकी, रडता काय? रतन तर सुखरूप गेली."

"रतन गयी," काकी म्हणाल्या. त्यांनी छापील ओळींवरून हलकेच हात फिरवला. "पन हाई पोर तर विहीरमाच शे ना, मास्तर."